दिवा हलतो तेव्हा

ताल्काउआनोच्या चढावर, मासळीच्या कारखान्यामागे
एदेल्मिराबाईंचं स्वयंपाकघर.
छताला एक दिवा, लांब वायरीला टांगलेला,
मुद्दाम इतका लांब
की जमीन जराशी हलली तरी आधी त्याला कळावं.

मी दवाखान्यातून आलेय, मांडीवर फॉर्म,
चोवीस वाक्यं, प्रत्येकापुढे एक ते पाच.
चष्मा सापडत नाही म्हणून मीच वाचून दाखवते:
मन खचलं, की काहीतरी करून मी स्वतःला सावरू शकते.
एक, म्हणतात त्या.
वाईट वाटणं थोड्या वेळाने ओसरतं, हे मला ठाऊक असतं.
एक.
छातीत धडधडलं, की वाटतं आता काही खरं नाही.
पाच. सहा असेल तर सहा लिही.

मग न विचारताच सांगतात:
रविवारी मंडईत, कांद्यांच्या ढिगापुढे
हात बधिर झाले, कानात शिट्टी,
आणि कळून चुकलं, आपण इथेच
कांदेवाल्याच्या पायाशी मरणार.
मेल्या नाहीत.
पण कांदे न घेता परतल्या
आणि मंडईचा रस्ताच सोडला,
मग बसचा थांबा, मग चर्च,
मग खालच्या अंगणातली कपडे वाळत घालायची दोरी.
"भीती येते ती एक," म्हणतात,
"आणि ती येईल याची भीती दुसरी.
पहिली दहा मिनिटं असते.
दुसरी माझ्याकडेच राहायला आलीय. जेवून-खाऊन."

बहीण, उबेर्लिंदा, पलीकडे पाव कापतेय.
तिचा फॉर्म कालच भरून झाला: चार, चार, पाच.
दोघींचा बाप एकच, बोटीसकट बुडालेला.
दोघींची नाडी मीच मोजली: एकशे अठरा, एकशे सोळा.
उबेर्लिंदाचंही काळीज लटपटतं,
फक्त ती त्याचा अर्थ लावत बसत नाही.
रडू आलं की बादली भरून पायऱ्या घासते,
रडत रडतच घासते.
नवरा गेला त्या हिवाळ्यात
बादलीही कामी आली नाही, हे तिचंच सांगणं.
"तरी चार लिही.
खोटं नाही बोलत. बादलीवर भरवसा ठेवतेय."

जिला वाटतं सावरता येईल, तिचं दुःख थोडं हलकं पडतं,
आकडे असं म्हणतात.
पण तसं वाटणं कुठल्या दुकानात मिळतं
ते आकड्यांनी सांगितलेलं नाही.
आणि मीही रात्री तीनला
स्वतःचं मनगट चाचपत
साप साप म्हणून भुई धोपटते,
ते चोवीस वाक्यांत कुठे बसत नाही.

सतरावं वाचत होते.
आधी कुत्री गप्प झाली.
मग कपाटातल्या बश्या एकमेकींशी बोलू लागल्या.
दिवा हलला. डावीकडे, उजवीकडे, मग मोठा झोका.
मी खुर्चीची कड धरली.
एदेल्मिराबाई हातात किटली घेऊन
वर बघत उभ्या, ओठांनी मोजत: सात, आठ, नऊ.
"साधा हादरा," म्हणाल्या. "मोठा असता तर
आधी जमिनीखालून ट्रक गेल्यासारखा आवाज आला असता.
हलू नकोस, चहा सांडेल."
आणि ओतला. बशीत एक थेंब नाही.

दिवा अजून झुलत होता.
मी म्हटलं, बाई, तुम्हाला येतं की हे सगळं.
"काय?"
हादरा ओळखणं. मोजणं. थांबणं.
त्या बराच वेळ दिव्याकडे बघत राहिल्या.
"जमिनीचं वेगळं," म्हणाल्या.
"तिला मी हलवत नाही."

उबेर्लिंदाने पाव पुढे सरकवला.
तिचा हात थरथरत होता,
लोणी एकाच कडेला साचलेलं.

"सतरावं परत वाच."
वाचलं.
त्यांनी पेन्सिल मागून घेतली, आणि चष्म्याशिवायच
एक आणि दोनच्या मधल्या रिकाम्या जागेत
फुली मारली.
"अशी चालते?"
नियमाने चालत नाही.
चालते, म्हटलं.

मी जिना उतरताना वरून हाक आली:
"पुढच्या वेळी येताना
कांदे कसे दिलेत तेवढं विचारून ये.
आणू नकोस. फक्त विचार."